गिलावा घरचा, धूळ घरभर!

पाऊस लागायच्या आत घराची डागडुजी उरकायची, हा आमच्या दोडामार्गातल्या घराघरांतला मे महिन्याचा नेम. यंदा आमच्याकडेही माजघराचा फुगलेला गिलावा खरवडून नवा केला. वर पुट्टी लावून ती पॉलिश पेपरने घासायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी सासूबाई ओटीवर येऊन बसल्या. "माका दम लागता गो!" त्यांना दम्याचा जुना त्रास. माझ्या छातीत धस्स झालं.

केरसुणी मारली की धूळ उडे आणि तासाभराने पुन्हा फडताळावर बसे. म्हणून नात्यातल्या एकांकडून व्हॅक्यूम क्लीनर आणला. साध्या कापडी पिशवीचा. पाव तासात त्याची ओढ गेली, मोटार तापली आणि मागच्या जाळीतून पांढरा धूर! म्हणजे पुढून ओढायचं अन् मागून फेकायचं.

असं का होतं? आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड. 10 मायक्रॉनहून बारीक धूळ नाकात न अडकता छातीत उतरते, आणि तीच साध्या पिशवीच्या विणीतून निसटते. वाळू-सिमेंटच्या गिलाव्यात सिलिका असते. वर्षानुवर्षं ती हुंगणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस होतो, आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. तेव्हा मैत्रिणींनो, यंत्र घेताना रंगरूप पाहू नका, हे पाहा.

पहिलं, आत फेकून देण्याजोगी जाड पिशवी हवी. नुसत्या डब्याचं यंत्र रिकामं करताना सगळी धूळ तोंडावर येते. दुसरं, हेपा गाळणी. खरी हेपा 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवते. म्हणजे दहा हजारांतले फार तर तीन सुटतात. पण तिच्या आधी पिशवी नसेल, तर ती लगेच तुंबते. तिसरं, वॅटच्या आकड्याला भुलू नका. तो वीज किती खाते ते सांगतो, ओढ किती ते नव्हे. बांधकामाच्या यंत्रांवर एल, एम, एच अशा युरोपीय खुणा असतात. गिलाव्याच्या धुळीला निदान एम हवी.

आणि एक. ओलं-सुकं दोन्ही ओढणारं यंत्र असलं, तरी गाळणी ओली असताना ही धूळ ओढू नये. सिमेंट आत घट्ट बसतं. आमच्या दमट हवेत तर धुतलेली गाळणी पुरती वाळवूनच बसवावी.

शेवटी आम्ही असंच यंत्र घेतलं. पण खरं सांगू? यंत्राचा नंबर शेवटचा. आधी दाराला ओली चादर लावा, खरवडण्यापूर्वी भिंतीवर पाणी शिंपडा, मोठे ढेकळे सुपलीने उचला, मग यंत्र फिरवा. घरातल्या आजारी माणसाला तेवढे दिवस शेजारी किंवा माहेरवाशिणीकडे पाठवा. सासूबाई आठ दिवस नणंदेकडे राहिल्या आणि परत आल्या त्या हसतच.

मास्क मात्र एन-95च हवा. ओढणीने ही धूळ अडत नाही. घासकाम करणारी पोरगी ओढणीच बांधून आली होती. तिला मास्क देताना वाटलं, आपली धूळ आठ दिवसांची, तिची रोजची. मिस्त्रीला बजावून ठेवलं, पुढच्या घरीही तिला मास्क द्यायचा म्हणून.