गाडीच्या रंगाची राखण

नाताळ जवळ आला की आपल्या गावांतून भिंतींना चुना लागतो, दारांना तेलरंग दिला जातो, अंगणे सारवली जातात. अंगणात मोटारगाडी उभी असेल तर तिच्याही अंगावरून हात फिरतो, आणि बहुधा अनर्थ तेथेच होतो. भिंतीला दरवर्षी नवा चुना चालतो. गाडीचे तसे नाही. तिचा रंग कारखान्यात एकदाच चढतो. पुढे तो उजळावा म्हणून जे घासणे-पुसणे आपण करतो, त्यातील पुष्कळसे त्याला थोडे थोडे कमीच करीत असते. म्हणून उडालेल्या रंगाचा उपचार शोधण्यापेक्षा असलेल्या रंगाची राखण करणे हेच शहाणपणाचे आणि स्वस्ताईचे होय.

वैनगंगेच्या काठच्या आपल्या बालाघाट जिल्ह्यात गाडी ही केवळ हौसेची वस्तू नाही. गोंदियाहून किंवा नागपूरहून जुनी गाडी घेणारे कुटुंब कित्येकदा कर्ज काढून ती घेते. तीच गाडी रविवारी आजीला मिस्साबलिदानास नेते, तीच रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचविते, तीच भाडे कमावून मुलांच्या शाळेचा खर्च भागविते. अशा गाडीचा रंग म्हणजे दिमाख नव्हे. तो पत्र्याचा अंगरखा आहे. अंगरखा फाटला की पत्र्याला गंज धरतो, आणि कुजलेल्या पत्र्याच्या गाडीला विकताना कोणी भाव देत नाही.

रंगाची जाडी किती?

आजच्या गाडीवर एकावर एक असे अनेक थर असतात. प्रथम पत्र्यावर गंजरोधक प्रक्रिया होते व त्यावर विजेच्या साहाय्याने पहिला लेप बसविला जातो. मग प्रायमर, त्यावर मूळ रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. गाडीवाले त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सर्व थर मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दीड पानाएवढी भरते. (एका मिलिमीटरचे एक हजार भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे मायक्रॉन.) क्लिअर कोट तर अवघा ४० ते ५० मायक्रॉनचा, आपल्या डोक्याचा केसही बहुधा त्याहून जाड असतो. उन्हातील अतिनील किरणांना अडविणारी द्रव्ये याच थरात घातलेली असतात. तो झिजला की खालचा रंग उघडा पडतो आणि मग पांढुरके पापुद्रे सुटू लागतात.

पूर्वी असे नव्हते. आरंभीच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणेच हाताने वार्निश देत आणि ते वाळावयास कित्येक आठवडे लागत. अमेरिकेत १९२३-२४ च्या सुमारास ड्यूको नावाचा त्वरित वाळणारा रंग निघाला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडील सुतार व रंगारी फवाऱ्याने दिलेल्या चकचकीत रंगाला आजही ‘ड्यूको’ म्हणतात ते त्यावरूनच. क्लिअर कोटचा प्रघात मात्र १९८० नंतर सर्वत्र पसरला. त्यामुळे एखाद्या घरी जुनी अँबॅसडर अजून जपून ठेवलेली असेल, तर तिच्यावर वेगळा पारदर्शक थर नसण्याचाच संभव अधिक. ओळखण्याची रीत सोपी आहे. आडबाजूच्या एखाद्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन हलकेच घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही, किंवा तो झिजून गेला आहे.

आपल्याकडची धूळ

बालाघाटजवळ भरवेली येथे शंभराहून अधिक वर्षे मँगनीजची खाण चालू आहे. उकवा आणि तिरोडी येथेही मँगनीज निघते. खाणींच्या वाटेवरील काळसर धूळ आपल्या परिचयाची आहे. या भागातील मँगनीजच्या दगडात ब्राउनाइट नावाचे खनिज असते. काठिण्याच्या दहा अंशांच्या मापात ते ६ ते ६.५ अंशांवर बसते, तर साध्या चाकूचे पाते साडेपाचाच्या आसपास. रस्त्यावरील वाळूत जी गारगोटी असते तिचा अंश ७. म्हणजे जे कण लोखंडाच्या पात्यावर ओरखडा काढू शकतात, त्यांवरून आपण सकाळी कोरडे फडके फिरवितो! अशा वेळी ते फडके राहत नाही, पॉलिश पेपर होते. उन्हात उभ्या गाडीवर कोळिष्टकासारख्या ज्या गोल गोल रेघा दिसतात, त्या बहुतांशी अशाच पुसण्याने पडलेल्या असतात.

दुसरा शत्रू म्हणजे झाडाखालची सावली. उन्हाळ्यात सावली हवीच. परंतु आंब्याला मोहोर आला की त्यावरील तुडतुडे चिकट गोड स्राव टाकतात. तो गाडीवर वाळून बसतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. पाखरांची विष्ठा त्याहून वाईट. तिच्यात आम्ल असते, आणि मे महिन्यात जेव्हा पत्र्याला हात टेकवत नाही, तेव्हा तापून मऊ झालेल्या थरात ती ठसा उमटविते. असा डाग दिसताच ओले फडके त्यावर काही वेळ ठेवावे, तो भिजू द्यावा आणि मग न घासता उचलून घ्यावा. नखाने खरवडू नये.

धुण्याची रीत

गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी. प्रथम भरपूर साध्या पाण्याने धूळ व चिखल वाहून जाऊ द्यावा. या वेळी हात लावू नये. नंतर दोन बादल्या घ्याव्यात: एकीत गाडीच्या शांपूचे पाणी, दुसरीत निव्वळ पाणी. मऊ मायक्रोफायबरचे फडके शांपूत बुडवावे, छपरापासून खाली येत सरळ रेषेत फिरवावे, आणि पुन्हा शांपूत घालण्यापूर्वी दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यावे, म्हणजे वाळूचे कण परत गाडीवर येत नाहीत. चाके शेवटी, आणि निराळ्या फडक्याने. कपड्यांची पावडर वापरू नये. ती मेणाचा लेप काढून टाकते. विहिरीचे पाणी जड असेल तर थेंब वाळून पांढरे डाग उरतात. म्हणून धुतल्याबरोबर गाडी टिपून कोरडी करावी. हे काम नदीत किंवा विहिरीच्या काठावर मात्र करू नये; गाडीचे तेल-वंगण गावाच्या पाण्यात जाता कामा नये.

धुळीच्या गाडीवर ताडपत्री टाकणेही घातकच. वाऱ्याने ती हलते आणि खालची धूळ रंग खरवडते. पावसाळ्यात तिच्याखाली ओल कोंडते. चार खांबांची उघडी शेड त्यापेक्षा शतपटीने बरी.

गेलेली कांती परत आणणे

रंग फिका पडला की बाजारातून रबिंग कंपाउंड आणून जोराने घासण्याचा मोह होतो. कंपाउंड रंग ‘चढवीत’ नाही. ते वरचा निस्तेज थर खरवडून काढते. काही मायक्रॉन गेले की खालचा ताजा भाग चमकतो आणि आपण आनंदतो. परंतु ती चमक शिलकीतून काढलेली असते. म्हणून प्रथम गाडी नीट धुवावी, वाळवावी आणि सर्वांत सौम्य पॉलिश वीतभर जागेवर हाताने लावून पाहावे. तेवढ्याने काम भागले तर पुढे जाऊ नये. न भागल्यासच कंपाउंड घ्यावे, तेही फक्त डागापुरते. दारांच्या व बॉनेटच्या कडांवर रंग पातळ असतो. तेथे यंत्र लावल्यास क्षणात पत्रा दिसू लागतो. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो खोल गेला आहे. तो घासून जाणार नाही. रॉकेलने किंवा डिझेलने गाडी पुसण्याची जुनी सवयही सोडावी. तासभर चकाकी येते, आणि मग त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते.

पॉलिश झाल्यावर मेण लावावे. त्यातील नाणावलेले कार्नौबा मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडजातीय झाडाच्या पानांवरून मिळते. त्याचा पातळ हात दिला की पाणी व घाण रंगाला थेट भिडत नाही. आपल्या उन्हात तो लेप फार तर दोन-तीन महिने टिकतो. म्हणून एकदा उन्हाळ्यापूर्वी, एकदा पावसाच्या तोंडावर आणि एकदा नाताळास, असा नेम ठेवावा.

खडा लागून टवका उडाला आणि पत्रा दिसू लागला, तर मेणाने भागत नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून तो भोवतालचा रंग आतून फुगवीत सरकतो. तेवढी जागा बारीक पॉलिश पेपरने गंज जाईपर्यंत साफ करावी, प्रायमर, रंग व क्लिअर कोट यांचे थेंब क्रमाने लावावेत आणि प्रत्येक थर पुरता वाळू द्यावा. नखाएवढ्या जागेचे हे काम पावसाळ्यापूर्वी केले तर पुढे अख्खे दार बदलण्याची पाळी येत नाही.

रंगाऱ्याचा श्वास

कधी कधी मात्र गाडी नव्याने रंगविण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा आपण दर विचारतो, रंगाची छटा विचारतो. आणखी एक प्रश्न विचारणे आपले कर्तव्य आहे. आजचा टिकाऊ रंग बहुधा हार्डनर मिसळून फवारतात. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांचा फवारा श्वासावाटे गेल्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला की पुढे अत्यल्प मात्रेनेही धाप लागते. वास येत नाही म्हणजे धोका नाही असे नव्हे. तोंडावर बांधलेला रुमाल त्यांना अडवीत नाही. स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटा लागतो. फवारा हाती धरणारा तरुण आपल्याच धर्मग्रामातील असू शकेल. जेथे त्याला असा मुखवटा दिला जातो, तेथे चार पैसे अधिक द्यावे लागले तरी ते द्यावेत. एकाच्या फुप्फुसाच्या मोलाने मिळालेली चकाकी ख्रिस्ती घराच्या अंगणात शोभत नाही.

प्रवाशांचे कैवारी संत ख्रिस्तोफर यांचा स्मरणदिन २५ जुलै रोजी, ऐन पावसाळ्यात येतो. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा हा संत वाहनचालकांना विशेष प्रिय आहे, आणि वाहनांना आशीर्वाद देण्याची प्रार्थना ख्रिस्तसभेच्या विधिग्रंथात आहे. वाचकहो, धर्मगुरूंनी गाडीवर तीर्थ शिंपडले म्हणून आपले काम संपत नाही. ते तेथून सुरू होते. देवाने जे थोडे आपल्या हाती सोपविले, त्याचा आपण कारभार कसा केला, हे तो विचारणारच आहे. दोन बादल्या पाणी, एक मऊ फडके आणि आठवड्यातील अर्धा तास एवढे जे घर नेमाने देईल, त्या घराची गाडी पुष्कळ वर्षे उपयोगी पडेल, आणि कर्ज फिटेपर्यंत तिचा पत्राही शाबूत राहील.