अवजड मालमोटार आणि गिअर बदलण्याची विद्या
सुरत-धुळे मार्गाच्या संदर्भात

सुरत बंदर आणि खानदेश यांना जोडणारी वाट फार प्राचीन आहे. सतराव्या शतकात सुरतेस उतरलेला माल नवापूर, नंदुरबार या मार्गाने बऱ्हाणपुराकडे आणि तेथून पुढे आग्र्याकडे जात असे. बैलांचे तांडे ही त्या काळातील मालवाहतूक होती. फ्रेंच व्यापारी-प्रवासी तावेर्निये याने आपल्या प्रवासवृत्तात या वाटेची नोंद करून ठेवली आहे. आज तीच दिशा धरून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ जातो. पूर्वी हा महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई आणि जुन्या चालकांच्या तोंडी अद्यापही तोच क्रमांक आहे. हजिरा, सुरत, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, दहिवेल, साक्री, धुळे असे टप्पे घेत हा मार्ग जळगाव, नागपूर आणि शेवटी ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत पोहोचतो. सुरतेचे कापड, हजिऱ्याचे पोलाद आणि खानदेशातील शेतमाल यांची ने-आण करणाऱ्या अवजड मालमोटारी या रस्त्यावरून अहोरात्र धावत असतात.

या मार्गाशी मराठी कुटुंबांचे नाते केवळ मालापुरते नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे उदरनिर्वाहासाठी सुरतेस गेली व तेथेच स्थिरावली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत अहिराणी व मराठी सहज कानी पडते. यंत्रमागावर किंवा कापड बाजारात काम करणाऱ्या घरातील तरुण प्रथम कापडाचे ताके वाहणारा टेम्पो हाती घेतो आणि पुढे मोठ्या मालमोटारीवर जाण्याची आकांक्षा बाळगतो. मिळकत वाढते, प्रतिष्ठाही वाढते. परंतु टेम्पोवरून अवजड मालमोटारीवर जाणे म्हणजे केवळ लहान गाडी सोडून मोठी गाडी घेणे नव्हे. या दोहोंमधील खरा फरक चालकाच्या डाव्या हाताखाली असलेल्या गिअरच्या दांड्यात आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

इंजिनाला गिअर कशासाठी?

मोटारगाडीचे पेट्रोल इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांपर्यंत सहज फिरते. मालमोटारीच्या मोठ्या डिझेल इंजिनाचा स्वभाव निराळा आहे. ते संथ पण जोरकस असते. मिनिटाला साधारणपणे हजार ते दोन हजार फेऱ्या या मर्यादेतच ते समाधानाने काम करते. त्याखाली गेले तर धडधडू लागते आणि बंद पडते. फार वर गेले तर इंधन वाया जाते व यंत्राची झीज होते. गाडीला मात्र शून्यापासून ताशी साठ किलोमीटरपर्यंतच्या सर्व वेगांनी जावे लागते. इंजिनाची ही आखूड मर्यादा आणि रस्त्याची लांबलचक गरज यांचा मेळ घालण्याचे काम गिअरपेटी करते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पहिल्या गिअरचे प्रमाण सातास एक आहे. म्हणजे इंजिन सात वेळा फिरते तेव्हा गिअरपेटीतून बाहेर पडणारा दांडा एकदाच फिरतो. वेग सातपटीने घटतो, परंतु घर्षणात जाणारा अंश वगळता जोर जवळजवळ सातपटीने वाढतो. विहिरीतून जड बादली ओढताना कप्प्यांची जोडी लावली म्हणजे दोर अधिक ओढावा लागतो, पण श्रम हलके होतात, तसाच हा प्रकार आहे. भरलेली गाडी जागेवरून हलविण्यास असा जोर लागतो. गाडी चालू लागली की तेवढ्या जोराची आवश्यकता राहत नाही, म्हणून एकेक गिअर वर चढवीत जावयाचे असते. रिकामी मालमोटार सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्येही सहज उठते. भरलेल्या गाडीस पहिलाच द्यावा लागतो. हा विवेक पुस्तकातून पुरता येत नाही, तो वजनाच्या जाणिवेतून येतो.

दातांचा मेळ

गिअर बदलणे म्हणजे निरनिराळ्या वेगांनी फिरणारे दोन भाग एकमेकांत गुंतविणे होय. त्यांचे वेग जुळले तर दात अलगद बसतात. न जुळले तर कर्कश आवाज होतो आणि दातांच्या कडा झिजतात. जुन्या गाड्यांमध्ये हे वेग जुळविण्याचे काम सर्वस्वी चालकाकडे असे. त्यासाठी डबल क्लचची पद्धत रूढ झाली.

वरचा गिअर टाकताना प्रथम क्लच दाबून दांडा न्यूट्रलमध्ये आणावयाचा, क्लच सोडावयाचा, इंजिनाचा वेग उतरू द्यावयाचा आणि पुन्हा क्लच दाबून वरचा गिअर टाकावयाचा. खालचा गिअर घेताना यात एका क्रियेची भर पडते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असतानाच रेस द्यावी लागते. कारण त्याच गतीने चाललेल्या गाडीत खालच्या गिअरला इंजिनाच्या फेऱ्या अधिक लागतात. समजा, वरच्या गिअरचे प्रमाण एकास एक आणि खालच्याचे दीडास एक आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला १,२०० फेऱ्या घेत असेल, तर त्याच वेगास खालच्या गिअरमध्ये त्याला १,८०० फेऱ्या घ्याव्या लागतील. मधल्या सहाशे फेऱ्या चालकाने उजव्या पायाने भरून काढावयाच्या असतात. त्या कमी पडल्या किंवा फार झाल्या तर दांडा हाताला झटका देतो. डबल क्लचचे सारे रहस्य एवढेच आहे.

पुढे सिंक्रोमेश गिअरपेटी प्रचारात आली. तीत पितळी किंवा तत्सम कड्यांच्या घर्षणाने दात गुंतण्यापूर्वीच दोन्ही भागांचे वेग सारखे केले जातात. त्यामुळे एकदाच क्लच दाबून गिअर बदलता येतो. तरीही जुनी विद्या निरुपयोगी झाली असे नाही. कडी झिजलेल्या गाडीत, किंवा भरल्या गाडीने उतारापूर्वी खालचा गिअर घेताना, वेग जुळवून दिल्यास गिअरपेटीवरील ताण हलका होतो आणि गिअर हमखास पडतो. बहुचाकी लांब पल्ल्याच्या गाड्यांत नऊ गिअरांची पेटीही आढळते. तीत दांड्याच्या त्याच जागा दोनदा वापरल्या जातात आणि दांड्यावरील लहान खटक्याने खालची किंवा वरची मालिका निवडली जाते. नवख्या चालकाने ही मालिका आधी तोंडपाठ करावी. कारण खटका विसरल्यास हाती भलताच गिअर येतो.

शिकण्याचा क्रम

पूर्वी ही विद्या क्लीनर म्हणून उमेदवारी करता करता उस्तादाकडून मिळे. खेड्यांत ज्यास ‘किन्नर’ म्हणतात तो मुलगा वर्षानुवर्षे टायर तपासी, काचा पुशी आणि रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर कधीतरी चक्र हाती घेई. या पद्धतीत निरीक्षण भरपूर होते. परंतु उस्तादाच्या खोडीही शिष्याच्या अंगी उतरत. आता शिक्षणाचा क्रम अधिक पद्धतशीर झाला आहे.

पहिला धडा बंद गाडीत होतो. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, दांड्याच्या सर्व जागा न बघता हाताला पाठ व्हाव्यात. दुसरा धडा मोकळ्या मैदानात रिकाम्या गाडीवर. तिसरा सपाट रस्त्यावर. चौथा अर्ध्या वजनावर आणि त्यानंतरच भरल्या गाडीवर. घाटाचा धडा सर्वांत शेवटी घ्यावयाचा.

या काळात काही सवयी कटाक्षाने लावून घ्याव्यात. दांडा मुठीत आवळून ओढू नये. तळव्याने सावकाश ढकलावा आणि न्यूट्रलपाशी क्षणभर थांबू द्यावा. मोठ्या इंजिनाच्या फेऱ्या मोटारगाडीच्या मानाने सावकाश उतरतात, म्हणून तेथे घाई केलेली चालत नाही. गिअर पडल्यावर हात चक्रावर यावा. दांड्यावर विसावलेला हात आतील काट्यांवर दाब आणतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये, त्यामुळे क्लचप्लेट जळते. मागचा गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय घेऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कान उघडे ठेवावेत. इंजिनाचा स्वर जड झाला की खालचा गिअर आणि चढा होऊन मोकळा वाटू लागला की वरचा, हे अनुभवी चालक काट्याकडे न बघता ओळखतो.

कोंडाईबारीची कसोटी

सुरतेहून निघालेल्या चालकास बारडोली, व्यारा, सोनगड या पट्ट्यात गिअरची फारशी चिंता नसते. नवापूर व विसरवाडी मागे पडल्यावर मात्र कोंडाईबारी घाट येतो. नंदुरबार जिल्ह्याच्या सखल भागातून धुळे जिल्ह्याच्या पठाराकडे नेणारी ही सह्याद्रीच्या रांगेतील खिंड होय. धुळ्याकडे जाताना चढ आणि सुरतेकडे येताना उतार, अशी तिची दुहेरी परीक्षा आहे.

चढावर नवखा चालक एक चूक हटकून करतो. इंजिन गुदमरू लागेपर्यंत तो वरचा गिअर सोडत नाही. नंतर गिअर काढतो तोवर वजनामुळे गाडीची गती एकदम पडते, घेऊ पाहिलेला गिअरही जुळत नाही आणि गाडी घाटातच उभी राहते. मागे दुसरी भरलेली गाडी असल्यास प्रसंग बिकट होतो. म्हणून चढ अंगावर येण्यापूर्वीच योग्य गिअर घ्यावा. गाडी थांबलीच तर हँडब्रेक लावून, पहिला गिअर टाकून, क्लच अर्धा सुटून इंजिन ओढू लागल्यानंतरच हँडब्रेक सोडावा.

उताराची गोष्ट याहून गंभीर आहे. तीन आसांच्या मालमोटारीचे मालासह कमाल अनुज्ञेय वजन २०१८ पासून २८.५ टन आहे. असे वजन केवळ १०० मीटर उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा मुक्त होते, तिने ३० अंश तापमानाचे सुमारे ९५ लिटर पाणी उकळीस येईल. ही सारी उष्णता ब्रेकच्या ड्रमांवर सोपविली तर ते तापतात, अस्तराची पकड जाते, चाकांतून धूर निघू लागतो आणि पायाखालचा ब्रेक केवळ नावाचा उरतो. उलट, खालच्या गिअरमध्ये गाडी उतरविल्यास चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन गाडीस मागे खेचते. एक्झॉस्ट ब्रेक असल्यास हा विरोध आणखी वाढतो. तो इंजिनाच्या फेऱ्या बऱ्यापैकी असतानाच परिणाम करतो, म्हणजे त्याचेही यश खालच्या गिअरवरच अवलंबून आहे.

‘ज्या गिअरने चढावे त्याच गिअरने उतरावे’ असा जुन्या चालकांचा दंडक आहे. तो आजही उपयुक्त आहे; मात्र त्याचा अर्थ समजून घ्यावयास हवा. पूर्वीची कमी शक्तीची इंजिने चढावर आपोआप खालचा गिअर मागत. आजची जोरकस इंजिने तोच चढ वरच्या गिअरमध्ये चढतात. त्यामुळे उतरताना चढाच्या गिअरपेक्षा आणखी एक खाली घेणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. ब्रेक सतत दाबून धरू नये. वेग मर्यादेबाहेर जाऊ लागताच तो ठामपणे लावून वेग थोडा उतरवावा, पाय उचलावा आणि ड्रमांस निवण्याची संधी द्यावी. वारंवार थोडे थोडे दाबत राहिल्यास टाकीतील हवेचा दाबही खर्ची पडतो.

डिझेल वाचविण्याच्या मोहाने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा तर जिवाशी खेळ होय. शिवाय त्यात लाभही नाही. आधुनिक डिझेल इंजिनात गिअर पडलेला असून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला असेल, तर इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. बदलताना गिअर सुटलाच, तर दांड्याशी झगडत बसू नये. ब्रेक थंड आहेत तोवरच ते जोराने लावून गती पुरेशी खाली आणावी आणि मग त्या गतीस साजेसा गिअर घ्यावा. त्या दोन-चार क्षणांतील निर्णयावर चालकाचा, क्लीनरचा आणि घाटाच्या पायथ्याशी असलेल्या अनोळखी माणसांचा जीव अवलंबून असतो.

परवाना आणि प्रशिक्षण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये परिवहन वाहन चालविण्यासाठी किमान वय २० वर्षे असून, त्याच्या शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या मोटार वाहनाचा परवाना निदान एक वर्ष धारण केलेला असावा लागतो. मालासह १२,००० किलोग्रॅमहून अधिक वजनाचे मालवाहन हे अवजड समजले जाते. आठवी उत्तीर्ण असण्याची पूर्वीची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे शाळा अर्ध्यावर सुटलेल्या तरुणांनाही हा मार्ग खुला झाला आहे. परवाना संपूर्ण भारतात ग्राह्य असतो. सुरतेस राहणाऱ्या खानदेशी तरुणाने तो तेथील प्रादेशिक परिवहन कार्यालयातून घेतला, तरी धुळे-नागपूरच्या रस्त्यावर तो तितकाच वैध आहे.

२०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठरविण्यात आला आहे. त्यात तात्त्विक व प्रत्यक्ष असे दोन्ही भाग आहेत. पुण्याजवळ भोसरी येथे असलेल्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेसारख्या संस्थाही या क्षेत्रात प्रशिक्षणाचे कार्य करीत आहेत. ओळखीच्या गाडीवर फुकट शिकता येत असताना शुल्क कशास भरावे, असा प्रश्न काहींच्या मनात येतो. परंतु एक गिअरपेटी उघडण्याचा खर्च आणि तेवढे दिवस उभी राहिलेली गाडी यांचा हिशेब मांडल्यास या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

आपोआप गिअर बदलणाऱ्या मालमोटारीही आता बाजारात आल्या आहेत. तथापि हाताने गिअर बदलावयाच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर मोठ्या संख्येने आहेत आणि अजून दीर्घकाळ राहतील. शिवाय यंत्राने गिअर बदलला, तरी उतार सुरू होण्यापूर्वी गाडी खालच्या गिअरमध्ये धरून ठेवण्याचा विचार चालकासच करावयाचा असतो. रस्ता कितीही रुंद झाला तरी घाट हा घाटच राहतो. खानदेशातून सुरतेकडे रोजगारासाठी जाणाऱ्या आणि तेथून माल घेऊन परतणाऱ्या तरुण चालकांनी ही विद्या सावकाश, क्रमाक्रमाने व निष्ठेने आत्मसात करावी. त्यातच त्यांच्या व्यवसायाची प्रतिष्ठा आणि रस्त्यावरील सर्वांचे क्षेम सामावले आहे.