धक्क्यावरची विजेची खेप

न्हावा-शेवा बंदराच्या धक्क्याला कंटेनर जहाज लागलं की नजर जाते ती उंच क्रेनकडे. पण क्रेनचा खरा वेग ठरतो तिच्या पायाशी येणाऱ्या ट्रकवर. जहाजातून डबा उचलला आणि खाली रिकामा ट्रेलर नसला, तर ती कोट्यवधींची क्रेन डबा लटकवून नुसती उभी राहते. जहाजाचा मुक्काम लांबतो आणि त्याच्या जागेवर येणारं पुढचं जहाज खोळंबतं.

हे ट्रक बंदराबाहेर जात नाहीत. धक्का ते यार्ड, यार्ड ते धक्का, रात्रंदिवस. खेप लहान, वेग बेताचा, भार मात्र तीस टनांपर्यंत. शिवाय बराचसा वेळ रांगेतच जातो. डिझेलचं इंजिन रांगेतही धडधडत तेल पितं. विजेची मोटर उभी असताना जवळजवळ काहीच खर्च करत नाही, हलताक्षणी पूर्ण जोर लावते आणि ब्रेक दाबला की थोडी वीज बॅटरीत परत पाठवते. महामार्गावर बॅटरी संपण्याची धास्ती असते. इथे चार्जिंगची सोय हाकेच्या अंतरावर.

अडचण वेगळीच आहे. चार्जरला लावलेला ट्रक म्हणजे कामावरून कमी झालेला ट्रक. त्यावरचा तोडगा म्हणजे बॅटरीची अदलाबदल. स्टेशनवर यंत्र उतरलेली बॅटरी काढून भरलेली बसवतं आणि ट्रक काही मिनिटांत रांगेत परततो. जुन्या डाकेत टप्प्यावर घोडे बदलत, तसंच हे. दमलेली बॅटरी मागे राहून सावकाश चार्ज होते.

२५ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्री सर्बानंद सोनोवाल यांच्या हस्ते न्हावा-शेवाला अशा ५० अवजड ट्रकांचा ताफा आणि अदलाबदलीचं स्टेशन सुरू झालं. बंदरातल्या सुमारे ६०० अंतर्गत वाहनांपैकी ९० टक्के डिसेंबर २०२६ पर्यंत विजेवर आणायची, असं उद्दिष्ट तेव्हा जाहीर झालं. १९८९ मध्ये सुरू झालेल्या आणि आता वर्षाला वीस फुटी मापाचे सत्तर लाखांहून अधिक कंटेनर हाताळणाऱ्या बंदरासाठी हा बदल लहान नाही.

पण नुसत्या मोटरीनं काम झपाट्यानं होत नाही. ट्रकांपेक्षा बॅटऱ्या जास्त घ्याव्या लागतात, म्हणजे भांडवल वाढतं. सगळे ट्रक एकाच वेळी स्टेशनवर आले तर तिथेही रांग लागते. म्हणून पाळ्या आखाव्या लागतात. आयातीचा डबा यार्डात टाकून रिकामं परतण्याऐवजी निर्यातीचा डबा घेऊन यावं, हे तर डिझेलच्या ट्रकालाही जमतं. ते नियंत्रण कक्षातल्या आखणीचं काम. उरणच्या रस्त्यावर बाहेरून येणाऱ्या ट्रेलरांच्या रांगाही या ताफ्यानं कमी होणार नाहीत.

धूर आणि गोंगाट घटेल, हे नक्की. वेगाचा हिशेब मात्र किती ट्रक विजेवर आले यावर होणार नाही. पाळीत क्रेन किती मिनिटं ट्रकाची वाट बघत थांबली, यावर होईल.