क्लस्टर चालू, ऑपरेटिंग सिस्टिम नवी

क्लस्टर : एकमेकांचे काम उचलू शकणाऱ्या सर्व्हरचा गट. त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड.

रोलिंग अपग्रेड : सगळा गट बंद न करता एकेक नोड बदलणे. विंडोज सर्व्हरच्या फेलओव्हर क्लस्टरमध्ये ही सोय २०१६ च्या आवृत्तीपासून, २०१२ आर२ वरून येणाऱ्यांसाठी.

क्रम : नोडला विराम, त्यावरचे काम इतर नोडवर, नोड क्लस्टरबाहेर, सिस्टिमची कोरी स्थापना, नोड पुन्हा आत. मग पुढचा.

परतीची वाट : दोन आवृत्त्या एकत्र नांदतात तोवर माघार घेता येते, जुन्या सिस्टिमचा नोडही परत जोडता येतो. शेवटी क्लस्टरची कार्यपातळी ८ वरून ९ केली की वाट कायमची बंद. बॅकअप आणि चाचणी त्याआधीच उरकायची. मिश्र अवस्था तात्पुरती असते. मायक्रोसॉफ्टची शिफारस चार आठवड्यांत पूर्ण करण्याची.

कोरम : क्लस्टर चालू राहायला लागणारी निम्म्याहून अधिक मते. एक नोड कामासाठी बाहेर असताना दुसरा कोसळला, तर विटनेसचे (नोड नसूनही मत असलेल्या घटकाचे) मत निर्णायक ठरू शकते.

खंड किती?
- हायपर-व्हीवरील व्हर्च्युअल मशीन : चालू स्थितीतच हलतात.
- एसक्यूएल सर्व्हर : फेलओव्हरच्या, म्हणजे काम दुसऱ्या नोडवर जाण्याच्या, वेळी थोडा खंड पडतोच.

वर्षभरात चालणारा खंड : ९९.९ टक्के उपलब्धतेत सुमारे पावणेनऊ तास, ९९.९९ टक्क्यांत ५३ मिनिटे, ९९.९९९ टक्क्यांत जेमतेम सव्वापाच मिनिटे.

मुदत : २०१२ आर२ चे विस्तारित साहाय्य १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले.