ज्येष्ठांच्या घरातील पहारेकरी मासा

राधानगरीच्या माणसाला पाण्याचे अप्रूप नाही. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेले धरण गावाच्या उशाशी आहे, पलीकडे दाजीपूरचे जंगल आहे आणि पावसाळ्यात तर दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. समुद्र मात्र फोंडा घाट उतरल्याशिवाय दिसत नाही. गुडघे कुरकुरू लागले, गाडीचा प्रवास सोसेनासा झाला, की तो घाटही दूरचा वाटू लागतो. मग पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला मुलगा किंवा नात म्हणते, ‘‘बाबांसाठी घरातच एक समुद्री मत्स्यटाकी ठेवू या. दिवसभर नुसते बसून असतात, तेवढाच विरंगुळा.’’

हेतू चांगला आहे. परंतु टाकी विकत घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे घरात सर्वांनी मिळून शोधावीत. त्या टाकीत ज्येष्ठांनी नेमके काय पाहायचे? आणि तिची कामे कोण करणार? या दोन प्रश्नांवर टाकीचे सुख-दुःख अवलंबून असते. रंगीबेरंगी मासे भराभर इकडून तिकडे पळत असलेली मोठी टाकी पाहुण्यांना आवडते. मंदावलेल्या दृष्टीला आणि थकलेल्या मनाला ती लवकरच कंटाळवाणी होते. ज्याची जागा ठरलेली आहे, ज्याचा दिनक्रम ओळखता येतो, असा एखादा जीव हवा. माझ्या मते त्यासाठी गोबी या लहानशा माशाइतका योग्य मासा नाही.

गोबी म्हटले की आपल्याकडे फुलकोबी आठवते आणि मंचुरियनची गाडीही. या माशाचा त्यांच्याशी संबंध नाही. कोकणातल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारे निवटे आपण पाहिले असतील. ते याच कुळातले. गोबींच्या शेकडो जाती आहेत, बहुतेक बोटभर लांबीच्या आणि तळाशी राहणाऱ्या. त्यांपैकी ‘पहारेकरी’ म्हणून ओळखला जाणारा पिवळा गोबी पूर्ण वाढला तरी सुमारे 10 सेंटिमीटरचा होतो. तो पाण्यात हिंडत नाही. वाळूतील बिळाच्या तोंडाशी पुढचे अंग थोडे उचलून बसतो आणि डोळे फिरवीत राहतो. चष्मा लावूनही वेगवान मासा नजरेत न ठरणाऱ्या आजींना हा मासा खुर्चीतून निवांत पाहता येतो.

हे बीळ बहुधा तो स्वतः खणत नाही. ते काम पिस्तूल कोळंबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका लहान कोळंबीचे. तिची नजर फार अधू असते, परंतु खोदकामात तिचा हात कोणी धरणार नाही. दिवसभर ती वाळू आणि खडे बाहेर लोटते. बाहेर येताना तिची एक लांब मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि कोळंबी क्षणात आत शिरते. धोका फारच जवळ आला तर गोबीही तिच्या मागोमाग. एकाला घर मिळते, दुसरीला डोळे मिळतात. ज्या घरात एक जण कमी पाहतो आणि दुसऱ्याला कमी ऐकू येते, तिथे ही जोडी समजावून सांगावी लागत नाही.

एक सूचना मात्र आधीच द्यावी. ही कोळंबी आपला मोठा चिमटा झटकन मिटते तेव्हा ‘टक्’ असा जोरदार आवाज होतो. रात्रीच्या शांततेत टाकीची काच तडकली असे वाटून घाबरण्याचा संभव आहे. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांना आणि हलक्या झोपेच्या मंडळींना हे ठाऊक असू द्या. टाकी झोपण्याच्या खोलीत नकोच.

टाकी पाहिल्याने प्रकृतीला काही लाभ होतो का? काही अभ्यास आशादायक आहेत. इंग्लंडमधील प्लिमथच्या राष्ट्रीय सागरी मत्स्यालयात एका मोठ्या टाकीत टप्प्याटप्प्याने मासे सोडले जात असताना प्रेक्षकांची तपासणी करण्यात आली. तो अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. टाकी पाहताना रक्तदाब व हृदयाचे ठोके उतरले, आणि मासे वाढले तसे ठोके आणखी मंदावले. अमेरिकेत एडवर्ड्स आणि बेक यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या 62 रुग्णांच्या भोजनगृहांत मत्स्यटाक्या ठेवल्या. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णांचे जेवण वाढले आणि 16 आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी पाऊण किलोने वाढले. जेवायला बसवताना नाकी नऊ येणाऱ्या सुनांना आणि मुलींना या पाऊण किलोचे मोल कळेल. तरीही टाकी म्हणजे औषध नव्हे. रक्तदाबाची गोळी टाकीच्या भरवशावर चुकवू नये.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो वेगळा अभ्यास. लँगर आणि रोडिन या दोघींनी 1976 साली एका वृद्धाश्रमात काही रहिवाशांना निवडीचे स्वातंत्र्य आणि एकेक रोपटे सांभाळायला दिले. इतरांनाही रोपटे मिळाले, पण पाणी घालण्याचे काम परिचारिकांनी केले. ज्यांच्याकडे जबाबदारी होती ते अधिक उत्साही आणि सावध झाले. विरंगुळा आणि जबाबदारी यांतला हा फरक आहे. ‘‘तुम्ही नुसते बघा, आम्ही सगळे करतो’’ असे आजोबांना सांगितले, तर आपण त्यांना आणखी एक दूरचित्रवाणी संच आणून दिला एवढेच.

तेव्हा कामाची वाटणी करावी लागते. 100 लिटरची टाकी या जोडीला पुरते, पण पाण्याचेच वजन 100 किलो. वाळू, दगड, काच धरून ते दीडशे किलोपर्यंत जाते. जुन्या घराच्या लाकडी माडीवर ती ठेवू नये. खालच्या मजल्यावर, भिंतीलगत, न हलणाऱ्या लोखंडी चौकटीवर ठेवावी. उंची विकत घेण्याआधी ठरवा. गोबी तळाशी राहतो, म्हणून टाकीचा तळ डोळ्यांच्या पातळीच्या जवळ हवा. ज्येष्ठांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवून मोजमाप घ्या. दुकानातली तयार मेज या कामी हमखास बुटकी निघते.

दगड आधी थेट काचेवर नीट बसवावेत आणि मग भोवती वाळू घालावी. वाळूवर दगड ठेवले तर कोळंबी खालून पोखरते आणि ढिगारा कोसळून दोघेही चिरडतात. बारीक वाळूत थोडे खडे मिसळून किमान दोन इंचांचा थर द्यावा. टाकीला झाकण हवेच, कारण गोबी उडी मारतो. पाण्यासाठी फोंडा घाट उतरून कॅन भरून आणण्याची गरज नाही. किनाऱ्याच्या पाण्यातून रोगजंतू आणि तेलकटपणा येतो. आरओच्या पाण्यात मत्स्यटाकीसाठीचे मीठ लिटरला सुमारे 35 ग्रॅम विरघळवावे. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. तापमान 25 ते 27 अंश ठेवावे. हिवाळ्याच्या रात्रींसाठी हीटर लागेल.

यानंतर चार ते सहा आठवडे टाकी माशांविना चालू ठेवावी लागते. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. वाळूत आणि गाळणीत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू तयार व्हायला वेळ लागतो. घाईने पहिल्याच दिवशी मासे सोडले की आठवडाभरात ते मरतात, आणि ज्येष्ठ मनुष्य ते स्वतःच्या अंगाला लावून घेतो. हेच पहिले आठवडे त्यांना चाचणी-संच हाताळायला शिकवण्याचे. थेंब टाकायचे, नळीतला रंग तक्त्याशी जुळवायचा, वहीत लिहायचे. रंग ओळखणे जड जात असेल तर नातवंडाने रंग सांगावा आणि आजोबांनी नोंद करावी.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी वाढले की आपोआप उघडतात. टाकीला अशी सोय नसते. पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते आणि खारटपणा वाढत जातो. म्हणून कमी झालेले पाणी गोड्या पाण्यानेच भरायचे. काचेवर रेघ आखून ठेवा. रोज सकाळी तांब्याने रेघेपर्यंत पाणी घालणे हे ज्येष्ठांचे काम असावे. आठवड्यातून एकदा 10 लिटर पाणी बदलावे लागते. ते दहा किलोचे ओझे तरुणाने उचलावे, तेही एका बादलीने नव्हे. ओल्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडणे ही या छंदातली सर्वांत मोठी जोखीम आहे. टाकीसमोर न सरकणारे पायपुसणे ठेवा, आणि विजेच्या तारेला बटणापाशी जाण्यापूर्वी खाली वळसा द्या, म्हणजे ओघळलेले पाणी तिथेच ठिबकेल. वीज जाते त्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

आता प्रवाळ. समुद्री टाकी म्हटले की रंगीत प्रवाळ हवेत असा आग्रह धरला जातो. आपल्या देशात कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते बाळगणे गुन्हा ठरतो. समुद्रघोड्यांनाही हेच लागू आहे. मऊ, बटणासारख्या दिसणाऱ्या काही प्रवाळसदृश जीवांत अतिशय तीव्र विष असते. ते दगडावरून घासताना किंवा दगड उकळताना श्वासावाटे अथवा डोळ्यांत गेल्याने लोक गंभीर आजारी पडलेले आहेत. गोबीला प्रवाळांची गरज नसते, त्याला वाळू हवी असते. म्हणून ज्येष्ठांच्या घरातली टाकी दगड-वाळूचीच असावी. सोबतीला क्लाउनफिशची एक जोडी चालते, शक्यतो हॅचरीत वाढलेली. कोळंबी खाणारे किंवा दांडगट मासे टाळावेत. टाकी बंद करायची वेळ आली तर मासे ओढ्यात किंवा जलाशयात सोडू नयेत. खाऱ्या पाण्यातला जीव तिथे तडफडून मरेल, आणि गोड्या पाण्यातले परके मासे सोडले तर ते इथल्या माशांच्या मुळावर येतात. राधानगरीचे अभयारण्य 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तेव्हा ही काळजी इथे अधिकच घ्यायला हवी.

काळजीवाहकांनी एक आजार लक्षात ठेवावा. टाकीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंच्या कुळातला एक जंतू असू शकतो. हातावर जखम असताना हात पाण्यात घातला तर काही आठवड्यांनी तिथे लालसर गाठ उठते आणि साध्या मलमाने बरी होत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी टाकीत हात घालूच नये. इतरांनी कोपरापर्यंतचे हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. अशी गाठ दिसली तर डॉक्टरांना ‘घरात मत्स्यटाकी आहे’ हे आवर्जून सांगा. ते विचारतीलच असे नाही.

स्मरणशक्ती कमी झालेल्या व्यक्तीकडून माशांना पुन्हापुन्हा खाऊ घातला जातो आणि पाणी नासते. यावर आठवड्याच्या औषधांसारखी डबी वापरावी असे सुचवले जाते, पण मला ते धोक्याचे वाटते. माशांचे दाणे आणि गोळ्या यांची अदलाबदल होऊ शकते. त्याऐवजी काळजीवाहकाने रोज सकाळी कागदाची एकच पुडी बांधून टाकीपाशी ठेवावी. पुडी रिकामी झाली की जेवण झाले.

आणि हेही स्पष्ट म्हणायला हवे की प्रत्येक घराने हा खटाटोप करू नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा एकटीच्या खांद्यावर असेल, तर समुद्री टाकी म्हणजे घरात दुसरा रुग्ण. त्या घरी खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी पाण्याची परडी टांगा. तिची देखभाल दोन मिनिटांत होते. मासा मेला तर गुपचूप तसाच दुसरा आणून ठेवू नका. रोज पाहणाऱ्याला फरक कळतो, आणि आपल्यापासून गोष्टी लपवल्या जातात हेही कळते.

नवा गोबी टाकीत सोडल्यावर आठ-पंधरा दिवस दिसेनासा होतो. तो बहुधा मेलेला नसतो. दगडाखाली कोळंबीसह घर मांडत असतो. त्याला शोधण्यासाठी दगड हलवू नयेत, वाळू उपसू नये. अमोनियाची चाचणी शून्य दाखवीत असेल तर ठरल्या वेळी थोडे खाद्य त्या दगडापाशी सोडत राहावे. वहीत त्या दिवसांत ‘आज दिसला नाही’ एवढेच लिहायचे असते. वाळूचा नवा ढीग कुठे पडला आहे तेही लिहावे, कारण बिळाचे तोंड सहसा तिथेच उघडते, आणि खुर्ची त्या बाजूला सरकवून ठेवता येते.