देवाचा प्रश्न आणि अर्थाचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण ईश्वरसिद्धीचे युक्तिवाद पाहिले आणि ते मला का पटत नाहीत तेही मी सांगितलं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. म्हणाले, "सर, तुम्ही देव मानत नाही, हे कळलं. मग रोज सकाळी उठता कशाला?" सभागृह हसलं, मीही हसलो, आणि वेळ संपली होती म्हणून सुटलो. पण घरी पोहोचेपर्यंत प्रश्न बरोबर होता. चाळीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला याचं उत्तर देता यायला हवं. तेव्हा आज तेवढंच करू.

त्या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे. देव असेल तर जगण्याला अर्थ आहे, नसेल तर नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं. माझं म्हणणं असं की हे दोन प्रश्न वेगळे आहेत. शेजारी राहतात, येणंजाणं आहे, पण घरं वेगळी.

आपल्याच परंपरेकडे बघा. आपण 'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा असं म्हणतो. जुन्या शास्त्रकारांच्या लेखी तो अर्थ मुख्य नव्हता. पाणिनीच्या सूत्रावरचे टीकाकार सांगतात, परलोक आहे असं मानतो तो आस्तिक. मनूच्या लेखी वेदाची निंदा करणारा नास्तिक. यात ईश्वराचा पत्ताच नाही. त्यामुळे मीमांसक हे पक्के आस्तिक, आणि सृष्टी निर्माण करणारा ईश्वर मात्र त्यांना मान्य नाही! सातव्या शतकातला कुमारिल भट्ट 'श्लोकवार्तिका'त ज्या पद्धतीने सृष्टिकर्त्याची उलटतपासणी घेतो, ती वाचून आजचा एखादा बुद्धिवादीही चकित होईल. जग निर्माण केलं ते का? करुणेपोटी म्हणावं, तर त्याआधी करुणा करायला जीवच नव्हते. आणि करुणाच होती तर सगळं सुखाचं का नाही केलं? आता, हा कुमारिल आजच्या अर्थाने निरीश्वरवादी नव्हे. वेद, धर्म, स्वर्ग हे सगळं तो मानतो. पण जगण्याला दिशा असायला वर कोणी निर्माता बसलेला असावाच लागतो, असं त्याला कधी वाटलं नाही. सांख्यांनाही नाही, बुद्धालाही नाही.

आता रशियात जाऊ, कारण हा प्रश्न अगदी नागव्या रूपात मला तिथे भेटला. टॉलस्टॉय. वय पन्नाशीच्या आसपास. 'युद्ध आणि शांती' लिहून झालेलं, 'ॲना कॅरेनिना' लिहून झालेलं. जमीनजुमला, मुलंबाळं, तब्येत ठणठणीत, कीर्ती. आणि या माणसाला घरातली दोरी लपवून ठेवावी लागत होती, आपणच गळफास घेऊ या भीतीने. बंदूक घेऊन शिकारीला जाणं त्याने सोडलं. हे सगळं त्याने 'कन्फेशन' या छोट्या पुस्तकात लिहिलं आहे. प्रश्न एकच: मी मरणार, माझी माणसं मरणार, मग हे सगळं कशासाठी?

तिथे तो पूर्वेकडची एक जुनी गोष्ट सांगतो. प्रवाशाच्या मागे श्वापद लागतं. तो कोरड्या विहिरीत उतरतो, तर तळाशी अजगरासारखा राक्षसी प्राणी. मधेच एका फांदीला धरून तो लोंबकळतो. एक काळा आणि एक पांढरा उंदीर ती फांदी कुरतडताहेत. आणि पानांवर मधाचे थेंब आहेत, ते हा चाटतो.

तुमच्यापैकी काहींनी ओळखली असेल. ही आपल्या महाभारतातली गोष्ट, स्त्रीपर्वातली. शंभर मुलगे गमावलेल्या धृतराष्ट्राला विदुर ती सांगतो. तिथे विहिरीच्या तोंडाशी सहा तोंडांचा, बारा पायांचा हत्ती आहे. तो म्हणजे वर्ष, सहा ऋतू आणि बारा महिने. उंदीर म्हणजे दिवस आणि रात्र. तळाचा सर्प म्हणजे काळ. जैनांच्या ग्रंथांतही ही येते, 'मधुबिंदू' म्हणून. भारतातून निघून, भाषांमागून भाषा ओलांडत, ती ख्रिस्ती युरोपात 'बारलाम आणि योसाफात' या कथेत पोहोचली. गंमत म्हणजे त्यातला योसाफात हा मुळात आपला बोधिसत्त्वच, तिकडे त्याला ख्रिस्ती संत मानलं गेलं! असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

मला दाखवायचं आहे ते हे, की विदुराच्या त्या गोष्टीत देव कुठेच नाही. ज्याचे सगळे मुलगे गेले त्या बापाला विदुर 'देवाची इच्छा' असं सांगून गप्प करत नाही. तो फक्त माणसाची स्थिती दाखवतो. म्हणजे अर्थाचा प्रश्न देवाला मधे न आणता विचारता येतो, आणि तो तितकाच जीवघेणा असतो.

टॉलस्टॉय म्हणतो, माझे मधाचे थेंब दोन होते, कुटुंबाचं प्रेम आणि लेखन. आता ते गोड लागत नाहीत. विदुराच्या लेखीही मध म्हणजे कामसुख, ज्याची तहान भागत नाही. दोघांचाही निकाल असा की मध ही फसवणूक आहे. इथे मी दोघांशीही भांडतो. का? मध संपणार आहे म्हणून तो खोटा कसा ठरतो? समजा फांदी कधीच तुटणार नाही. अनंतकाळ लोंबकळायचं आणि चाटायचं. त्याने अर्थ आला का? थॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ च्या एका लेखात हे फार नेमकं मांडलं आहे. आज आपण करतो त्याचं दहा लाख वर्षांनी काही महत्त्व उरणार नाही, असं आपण म्हणतो. बरं. मग त्याच न्यायाने, दहा लाख वर्षांनी ते उरणार नाही या गोष्टीचं तरी आज काय महत्त्व?

"पण देवाने काही हेतूने आपल्याला घडवलं असेल तर?" हा पुढचा बचाव. कुर्ट बायर यांनी १९५७ साली कॅनबेरात दिलेल्या व्याख्यानात इथे एक भेद केला. वस्तूचा हेतू वेगळा आणि माणसाचा हेतू वेगळा. खलबत्त्याचा हेतू कुटणं, तो घडवणाऱ्याने ठरवला. माणसाला कोणी विचारलं, "तुम्ही कशासाठी आहात हो?" तर त्याला अपमान वाटेल. दुसऱ्याने दिलेला हेतू, तो देणारा देव का असेना, मी आपला म्हणून स्वीकारीपर्यंत माझा होत नाही. आणि स्वीकारायचं म्हटलं की काम पुन्हा माझ्याकडेच आलं.

हे कोरडं वाटत असेल तर पुण्यात या. आगरकर आणि रानडे. रानडे प्रार्थना समाजाचे, ईश्वरावर गाढ निष्ठा. आगरकर अज्ञेयवादी, मिल आणि स्पेन्सर वाचून घडलेले. एक देवाला स्मरून, दुसरा देव बाजूला ठेवून, आणि दोघंही बोलत होते त्याच विधवांविषयी, त्याच मुलींच्या शिक्षणाविषयी. आगरकरांना दम्याचा विकार. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली लोकांनी! १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, १८९५ मध्ये गेले, वय अवघं अडतीस. परलोकात भरपाई मिळण्याची आशा नाही, इथे पैसा नाही, मान तर नाहीच. फांदी कुरतडली जाते आहे हे त्यांना टॉलस्टॉयइतकंच स्पष्ट दिसत असणार. पण त्यांची नजर मधावरही नव्हती आणि तळाच्या सर्पावरही नव्हती, विहिरीत लोंबकळणाऱ्या इतरांवर होती. मला वाटतं टॉलस्टॉयलाही शेवटी जे सापडलं ते इथेच कुठेतरी. त्याने श्रद्धेकडे वळल्याचं लिहिलं खरं, पण चर्चची मतं त्याच्या पचनी पडली नाहीत आणि १९०१ मध्ये चर्चने त्याला बाहेर काढलं. त्याला सावरलं ते शेतकऱ्यांच्या कष्टाच्या, साध्या जगण्याने.

आता श्रद्धावंतांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करतो, कारण ती न सांगता थांबलो तर लबाडी होईल. देव मानणाऱ्याकडे भांडायला कोणीतरी असतं. तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले! आमच्यासारख्यांना ती सोय नाही. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. शेवटचे काही आठवडे फार वाईट होते. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हेच कळेना. आभार मानायचे म्हटले, इतक्या वर्षांच्या संसाराचे, तरी कोणाचे? ही उणीव खरी आहे. कुमारिल, नेगेल, बायर, कोणीही ती भरून देत नाही. पण उणीव आहे म्हणून ती भरणारा कोणी आहे, असं मात्र सिद्ध होत नाही. तहानेने विहीर सिद्ध होत नाही.

देवघर तिचं होतं. दिवस झाल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, देवांचं काय करायचं?" माहेरून आलेली अन्नपूर्णा ती घेऊन गेली. बाळकृष्ण राहिला. मी पूजा करत नाही, नैवेद्य नाही, नमस्कारही नाही. पण दर शुक्रवारी सकाळी चिंच लावून त्याला घासतो, कारण ती शुक्रवारी घासायची. मुलगी परवा आली होती, बघत उभी राहिली. म्हणाली, "बाबा, ही श्रद्धाच की!" मी म्हटलं, "नाही गं, हे घासणं आहे." तिला पटलेलं दिसलं नाही.

चला, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले ते गृहस्थ आजही आले आहेत, त्यांच्यापासूनच सुरुवात करू. माईक जरा मागे द्या.