हॅण्ड ग्रिपरचा संग्रह आणि बनावटीचा प्रश्न : खरेपणाच्या कसोट्या

प्रस्तावना :
नाणी, टपाल तिकिटे, घड्याळे यांच्या संग्रहाबरोबरच व्यायामाच्या साधनांचा संग्रह करण्याची परंपराही जगात रुजली आहे. दोन दांडे आणि त्यांना जोडणारी पोलादी स्प्रिंग एवढीच रचना असलेले हॅण्ड ग्रिपर हे त्यांपैकीच एक साधन होय. दिसायला अत्यंत साध्या असलेल्या या वस्तूच्या संग्रहात बनावटीची चिंता मोठी आहे. त्याचे कारण केवळ आर्थिक नाही. नाणे बनावट निघाले तर संग्राहकाचे पैसे बुडतात. ग्रिपर बनावट निघाला तर तो मिटवणाऱ्याने केलेला ताकदीचा दावाही खोटा ठरतो, मग त्याने प्रामाणिकपणे वर्षानुवर्षे मेहनत केलेली का असेना. खऱ्या-खोट्याची पारख कोणत्या आधारावर करता येते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्रिपरचा पूर्वेतिहास :
मुठीची पकड स्प्रिंगच्या साहाय्याने वाढविण्याची कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी युजेन सॅण्डो (१८६७-१९२५) या विख्यात बलोपासकाने स्प्रिंग असलेले डंबेल लोकप्रिय केले. हे डंबेल लांबीच्या दिशेने दोन भागांत विभागलेले असून त्या दोहोंमध्ये स्प्रिंगा बसविलेल्या असत. व्यायाम करताना दोन्ही भाग मुठीने दाबून धरावे लागत. सॅण्डोने १९०४-०५ मध्ये भारताचा दौरा केला होता. त्याच्या नावाचे बनियन आजही आपल्याकडे घरोघरी वापरले जाते.

आधुनिक ग्रिपरचा इतिहास प्रामुख्याने अमेरिकेत घडला. पिअरी व मेबल रेडर या दांपत्याने १९३६ मध्ये सुरू केलेल्या ‘आयर्न मॅन’ या मासिकाच्या वाचकवर्गात जड ग्रिपरची आवड रुजली. पुढे रॅण्डल स्ट्रॉसेन यांनी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील नेवाडा सिटी येथे ‘आयर्नमाइंड’ ही संस्था स्थापन केली आणि १९९० पासून क्रमांकानुसार ग्रिपर विक्रीस आणले. ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’ या नावाने ते ओळखले जातात. निर्मात्याने दिलेल्या आकड्यांनुसार क्र. १ ची ताकद १४० पौंड, क्र. २ ची १९५, क्र. ३ ची २८० आणि क्र. ४ ची ३६५ पौंड आहे.

१९९१ मध्ये रिचर्ड सोरिन यांना क्र. ३ पूर्ण मिटविल्याबद्दल पहिले प्रमाणपत्र मिळाले. १९९८ मध्ये जो किनी यांनी क्र. ४ मिटविला. त्यानंतरही क्र. ४ च्या मानकऱ्यांची यादी मोजक्या नावांचीच राहिली आहे. अशा रीतीने दांड्यावरील क्रमांक हा केवळ मालाचा क्रमांक न राहता योग्यतेचा शिक्का बनला. बनावटीच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

संग्रहाचे स्वरूप :
नियमित व्यायाम करणाऱ्यास चार-पाच ग्रिपर पुरेसे होतात. संग्राहकास मात्र पन्नासही अपुरे वाटतात. काळानुसार दांड्याचा धातू, त्यावरील खरबरीत खाचा, कोरलेल्या अक्षरांचे वळण आणि स्प्रिंगचा आकार बदलत गेलेला असतो. या खुणांवरून ग्रिपरचा काळ ठरविणे हा संग्राहकाच्या आनंदाचा मोठा भाग असतो. मोठ्या उत्पादकांखेरीज वॉरन टेटिंग व रॉबर्ट बराबान यांच्यासारख्या कारागिरांनी लहान प्रमाणावर बनविलेल्या ग्रिपरनाही मागणी असते. याशिवाय एकाच क्रमांकाचे दोन खरे ग्रिपर ताकदीला सारखे नसतात. त्यामुळे ‘कठीण क्र. ३’ किंवा ‘सोपा क्र. ३’ अशी विशेषणे लावून ते जपले जातात. हा फरक का पडतो, हे समजून घेतल्याशिवाय बनावटीची चर्चा पुढे नेता येत नाही.

स्प्रिंगचे शास्त्र :
ग्रिपरची स्प्रिंग पिळाच्या प्रकारातील असते. दांडे जवळ आणताना तिची वेटोळी अधिक आवळली जातात व तार वाकविली जाते. अशा स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. चौथा घात हीच येथील कळीची गोष्ट आहे. समजा, तार ६ मि.मी. जाडीची आहे. ती १ टक्क्याने, म्हणजे ०.०६ मि.मी. इतकीच जाड निघाली, तर ताठपणा सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. २८० पौंडांचा ग्रिपर मग २९१ पौंडांचा होतो. तार ५ टक्क्यांनी जाड असल्यास वाढ सुमारे २१.५ टक्के, म्हणजे ३४० पौंड होते. हा आकडा क्र. ३ पेक्षा क्र. ४ ला अधिक जवळचा आहे. केसाच्या जाडीइतक्या फरकाने निकाल बदलतो, तो असा.

दुसरी बाब सुरुवातीच्या अंतराची. ग्रिपर मिटताना लागणारे बल स्प्रिंग एकूण किती अंशांतून फिरली यावर अवलंबून असते. म्हणून मोकळ्या अवस्थेत दांडे थोडे जवळ असतील तर तोच ग्रिपर सोपा होतो. तिसरी बाब पोलादाच्या दर्जाची. उत्तम आणि सामान्य पोलादाचा यंग गुणांक जवळपास सारखाच असल्याने हलक्या पोलादाचा ग्रिपर पहिल्या दिवशी खऱ्याइतकाच कठीण वाटू शकतो. फरक नंतर उघड होतो. हलक्या पोलादाची स्थितिस्थापकतेची मर्यादा कमी असल्याने स्प्रिंग कायमची वाकते, दांड्यांतील अंतर घटते आणि ताकद उतरते. खरा ग्रिपरही वापराने किंचित नरम पडतो, परंतु काही काळाने तो स्थिरावतो.

बनावटीचे प्रकार :
‘बनावट’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. जागतिक व्यापार संघटनेच्या १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या ट्रिप्स करारात, दुसऱ्याच्या नोंदणीकृत व्यापारचिन्हासारखेच किंवा त्याहून महत्त्वाच्या बाबतीत वेगळे न ओळखता येणारे चिन्ह परवानगीविना लावलेल्या मालास बनावट मानले आहे. हा अर्थ ध्यानात घेता बाजारातील संशयास्पद ग्रिपरचे चार गट पाडता येतात.

१) केवळ रूपसाम्य असलेले ग्रिपर : यांवर निर्मात्याचे नाव दुसरेच असते, परंतु पौंडांचे आकडे फुगविलेले असतात. वरील व्याख्येनुसार हे बनावट नव्हेत, तरी दिशाभूल करणारे असतात.
२) खोट्या चिन्हाचे ग्रिपर : यांवर नामांकित निर्मात्याचे नाव व क्रमांक कोरलेला असतो. हीच खरी बनावट होय.
३) फेरफार केलेले खरे ग्रिपर : स्प्रिंग बदलणे, दांडे वाकवून अंतर कमी करणे असे प्रकार यात येतात. चिन्ह खरे, पण त्यामागची ताकद खोटी असते.
४) खोट्या पूर्वइतिहासाचे ग्रिपर : वस्तू अस्सल असते, परंतु ‘अमक्या विक्रमवीराने वापरलेला’ ही कथा रचलेली असते.

संग्राहकाला सर्वाधिक फसविणारे गट तिसरा व चौथा होत. कारण नुसत्या निरीक्षणाने ते उघडकीस येत नाहीत.

पारखण्याच्या कसोट्या :
पहिली कसोटी निरीक्षणाची. अक्षरांची खोली व वळण, खाचांची समानता, स्प्रिंग दांड्यात बसविल्याच्या जागेचा सफाईदारपणा यांची तुलना खात्रीच्या नमुन्याशी केली जाते. ही कसोटी आवश्यक असली तरी पुरेशी नाही. अक्षरे कोरणे हे बनावट करणाऱ्याचे सर्वांत सोपे काम असते.

दुसरी कसोटी मोजमापाची. स्क्रू गेजने तारेची जाडी आणि व्हर्नियर कॅलिपरने दांड्यांतील अंतर मोजता येते. त्यानंतर एक दांडा घट्ट बांधून दुसऱ्या दांड्याच्या ठरावीक बिंदूवर, दांडे एकमेकांना टेकेपर्यंत वजने टांगली जातात. संग्राहकांमध्ये ही अंशांकनाची पद्धत मान्य झाली आहे. मात्र आकडा वाचताना विवेक हवा. दांड्याच्या टोकाजवळ वजन टांगल्यास २८० पौंडांचा म्हणून विकला जाणारा क्र. ३ साधारणपणे १५० पौंडांच्या आसपास भरतो. यात फसवणूक नाही. तरफेच्या नियमानुसार बल कोठे लावले त्यावर आकडा ठरतो. म्हणून ‘किती पौंड?’ या प्रश्नासोबत ‘कोणत्या बिंदूवर?’ हा प्रश्न अपरिहार्य आहे. एकच मोजमाप न घेता काही महिन्यांच्या वापरानंतर ते पुन्हा घेतल्यास पोलादाचा दर्जाही कळून येतो.

तिसरी कसोटी कागदपत्रांची. खरेदीची पावती, मूळ वेष्टन, पूर्वीच्या मालकांची साखळी आणि प्रत्येक अंशांकनाची तारीखवार नोंद यांना ग्रिपरइतकेच महत्त्व आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. कठीण क्रमांकाच्या प्रयत्नासाठी उमेदवाराचा स्वतःचा ग्रिपर ग्राह्य न धरता नवा ग्रिपर साक्षीदाराकडे पाठविण्याची पद्धत आहे. तसेच मोकळ्या हाताने दांडे किती जवळ आणावेत याची मर्यादा सामान्य बँक-कार्डाच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे ५४ मि.मी. ठरविण्यात आली आहे. साधन आणि कृती या दोहोंची हमी असल्याखेरीज दाव्याला अर्थ उरत नाही, हे त्यामागील सूत्र होय.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, ग्रिपरचा खरेपणा एका खुणेत सामावलेला नाही. चिन्ह सांगते की वस्तू कोणी बनविली. मोजमाप सांगते की ती आज काय आहे. नोंद सांगते की मधल्या काळात तिचे काय झाले. या तिन्ही साक्षी जुळल्या तरच वस्तू विश्वासास पात्र ठरते. खऱ्या ग्रिपरमध्येही फरक असतो, ही गोष्ट संग्राहकाने लपवू नये. तो फरक मोजून लिहून ठेवणे हाच बनावटीवरील सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. त्यासाठी लागणारी स्क्रू गेज, कॅलिपर व वजने ही साधने महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सहज उपलब्ध असतात. शारीरिक शिक्षण विभागातील ग्रिपर तेथे नेऊन तपासण्याचा लहानसा प्रकल्प विद्यार्थ्यांना चौथ्या घाताचा नियम शिकवील. दांड्यावर कोरलेला आकडा मोजल्याशिवाय मान्य करू नये, हा धडाही त्यांना त्यातूनच मिळेल.